दुखणं, आधार आणि कृतज्ञता

नंदुरबार तालुक्यातलं धानोरा हे गुजरातच्या सीमेजवळचं गाव. या पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर एक आजार पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे. त्याचं नाव मात्र लोकांना गेल्या काही दशकांतच कळलं, ते म्हणजे सिकलसेल. बाळ जन्मतं तेव्हा सुदृढ दिसतं. पाच-सहा महिने काही जाणवत नाही, कारण आईच्या पोटात असताना तयार झालेलं वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन तोवर त्याला सांभाळत असतं. ते ओसरू लागलं की एखाद्या दिवशी बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात, हात लावला तरी ते किंचाळतं, ताप येतो, डोळे पिवळसर दिसतात. घरातली माणसं आधी मुरगळलं असेल म्हणून चोळतात, मग भगताकडे नेतात, मग दवाखान्यात. पुढे ते मूल चालू लागतं, शाळेत जातं, पण महिन्या-दोन महिन्यांनी हाडं आतून फोडल्यासारखी दुखतात आणि शाळा बुडते. बाहेरून जखम दिसत नाही, त्यामुळे ‘पोरगं आळशी आहे’, ‘कामाचं नाव काढलं की हिचं दुखतं’ असे शेरे वाट्याला येतात. आजार जन्मभराचा आहे. अशा आयुष्यात कृतज्ञतेला जागा आहे का, असली तर कोणती, आणि ती कुणी कुणाकडे मागावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी आजार नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. आपल्या तांबड्या पेशी गोल, मऊ आणि लवचीक असतात. केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांतून त्या दबून, वाकून पार होतात आणि साधारण १२० दिवस जगतात. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. प्राणवायू सोडून दिल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार करतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. अशा पेशी दहा-वीस दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त कायम कमी. आणि त्या बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य कळा येतात. पाणी कमी पडणं, थंडी, ताप आणि अतिश्रम ही या कळांची नेहमीची निमित्तं. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्ये प्रथम आढळला. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातले इतर जिल्हे हे त्याचे मोठे पट्टे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात या आजाराचा शोध घेण्याचं आणि रुग्णांपर्यंत उपचार नेण्याचं काम पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी अनेक वर्षं केलं. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

या आजाराबद्दलची एक गोष्ट डॉक्टरांनाही उशिरा कळली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २३२ प्रौढ रुग्णांना सहा महिन्यांपर्यंत रोजच्या वेदनेची नोंद ठेवायला सांगितलं गेलं. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एकूण दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ ५५ टक्के, वेदनेचे होते. सुमारे तीन दशांश रुग्णांचा तर क्वचितच एखादा दिवस वेदनेशिवाय गेला होता. यातले बहुतेक दिवस रुग्णांनी घरीच काढले होते. तोवर सिकलसेलची वेदना म्हणजे अधूनमधून येणारा आणि दवाखान्यात नेणारा झटका, असा समज होता. प्रत्यक्षात तो आजार मुख्यतः घरात, अंथरुणावर, चुलीशेजारी, कुणाच्या तरी हाताच्या आधारानं जगला जातो. धानोऱ्यासारख्या गावात तर हे आणखी खरं आहे, कारण इथे रुग्णाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे कुणीतरी त्या दिवसाची मजुरी सोडायची असते. आजाराचा भार कोण उचलतं हे पाहायचं असेल तर दवाखान्याच्या नोंदवहीत पाहून भागत नाही. रात्री पाणी तापवून शेक देणारी आजी, शाळेतून निरोप आणणारा वर्गमित्र, गोळ्या संपल्या का म्हणून विचारायला येणाऱ्या आशाताई यांच्याकडे पाहावं लागतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. गंभीर आजारातली कृतज्ञता म्हणजे आजार गोड मानून घेणं नाही, आणि आजार बरा करण्याचं औषधही नाही. आपलं आयुष्य कुणाच्या आणि कशाच्या आधारावर उभं आहे, याची खरी आणि पुरी नोंद ठेवण्याची ती सवय आहे. वेदनेचा स्वभावच असा की ती सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेते. मग माणसाला फक्त दुखणारा सांधा आणि बुडालेला दिवस दिसतो. त्याच दिवसात घडलेल्या, दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी नजरेतून सुटतात. त्या नजरेत आणणं म्हणजे दुखणं नाकारणं नव्हे. दुखण्याची बाजू आधीच भरलेली असते, राहिलेली बाजू तेवढी भरून काढायची. अशी पुरी नोंद ठेवणाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात: कुणी काय दिलं, आणि जे मिळायला हवं होतं त्यातलं काय मिळालं नाही. दुसरी गोष्ट दिसत नसेल तर ती कृतज्ञता अपुरी आहे.

याला पुरावा काय? कृतज्ञतेवरच्या आधुनिक संशोधनात रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास पायाभूत मानला जातो. त्यातला तिसरा प्रयोग आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे, कारण तो निरोगी विद्यार्थ्यांवर झालेला नाही. त्यात स्नायू आणि मज्जातंतूंचे दीर्घ आजार असलेले ६५ प्रौढ होते. त्यांच्यातल्या काहींनी २१ दिवस रोज, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या. उरलेल्यांनी फक्त रोजच्या प्रश्नावलीची उत्तरं दिली. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटलं, झोप जास्त मिळाली आणि सकाळी उठल्यावर जास्त ताजंतवानं वाटलं. दुसऱ्यांशी जोडलेलं असल्याची त्यांची जाणीवही वाढली. समाधानातला फरक फक्त त्यांनी स्वतः सांगितलेला नव्हता, त्यांच्या जोडीदारांनाही तो दिसला होता. झोपेचा मुद्दा पुढच्या अभ्यासांतही आला. ब्रिटनमध्ये ४०० हून अधिक लोकांच्या पाहणीत, ज्यांच्यात कृतज्ञतेची वृत्ती जास्त होती त्यांना झोप चांगली लागत होती, आणि याचं एक कारण झोपण्यापूर्वी मनात येणाऱ्या विचारांमध्ये सापडलं. रात्री जागवणाऱ्या आजारात ही लहान गोष्ट नाही.

पण पुरावा सांगायचा तर सगळा सांगावा लागतो. कृतज्ञतेच्या प्रयोगांनी नैराश्य आणि चिंता किती कमी होते हे तपासण्यासाठी ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २७ अभ्यास आणि साडेतीन हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली. परिणाम आहे, पण लहान आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. ज्याला खरं नैराश्य आलं आहे त्याला कृतज्ञतेची वही देऊन भागणार नाही, त्याला मानसोपचार मिळायला हवेत, असा त्याचा सरळ अर्थ. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरचा २०१६ चा एक अमेरिकी अभ्यासही महत्त्वाचा आहे. त्यात आशावादी रुग्ण जास्त हिंडते-फिरते राहिले आणि हृदयाच्या तक्रारीसाठी त्यांना परत रुग्णालयात कमी वेळा जावं लागलं. कृतज्ञतेचा मात्र असा संबंध फारसा दिसला नाही. कर्करोगाबाबत तर चित्र आणखी स्पष्ट आहे. ‘लढाऊ वृत्ती’ ठेवली की माणूस जास्त जगतो, हा समज स्तनाच्या कर्करोगाच्या ५७८ स्त्रियांवरच्या १९९९ च्या ब्रिटिश अभ्यासात टिकला नाही, जरी हताशपणा जास्त असलेल्यांचा धोका त्यात काहीसा वाढलेला दिसला. डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांवरच्या २००७ च्या अभ्यासात मनःस्थिती आणि जगण्याचा काळ यांचा काहीच संबंध आढळला नाही.

हे निष्कर्ष कुणाला निराशाजनक वाटतील. मला ते दिलासा देणारे वाटतात. मनोवृत्तीनं आजार बरा होत असता तर बरा न होणारा प्रत्येक रुग्ण स्वतःच्या मनाचा दोषी ठरला असता. ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला बहुतेक वेळा प्रेमापोटी दिला जातो, पण त्यात हा आरोप दडलेला असतो. अमेरिकी लेखिका बार्बरा एहरनराइश यांना स्तनाचा कर्करोग झाल्यावर या सल्ल्याचा इतका जाच झाला की त्यांनी सक्तीच्या आनंदीपणाविरुद्ध २००९ मध्ये एक पूर्ण पुस्तक लिहिलं. सिकलसेलच्या बाबतीत तर जीव वाचवणाऱ्या गोष्टी स्पष्ट ठाऊक आहेत: लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोनियाविरोधी लस, फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, ताप आला की ताबडतोब दवाखाना, गरजेला रक्त आणि हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी. या यादीत कृतज्ञता नाही. तिचं काम वेगळं आहे. आजाराच्या वर्षानुवर्षांच्या सोबतीत माणूस एकटा पडत जातो, आणि एकट्या पडलेल्या माणसाकडून औषधाची शिस्तही सुटते. आपल्यासाठी कोण काय करतं हे ज्याच्या नजरेसमोर राहतं, त्याची त्या माणसांशी जोडलेली दोरी तुटत नाही. संशोधनात टिकलेले फायदेही मुख्यतः याच बाजूचे आहेत: झोप, समाधान, नात्यांतली जवळीक.

इथे एक शंका हमखास येते. कृतज्ञतेची वही, रोज तीन गोष्टी लिहा, हा सगळा शहरी, शिकलेल्या माणसांचा उद्योग. धानोऱ्याच्या पाड्यावरच्या, पुस्तकाशी फार संबंध नसलेल्या बाईला त्याचं काय? शंका वहीपुरती बरोबर आहे, सवयीपुरती नाही. नंदुरबारच्या आदिवासी समाजाला ही सवय शिकवायला कुणी बाहेरून जायची गरज नाही. नवं पीक हाती आलं की ‘नवाई’ होते. नवं धान्य, नवी भाजी आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायची, मगच घरानं खायची. म्हणजे भूक लागलेली असताना, अन्न समोर असताना, ते कुठून आलं याची आठवण ठेवण्यासाठी थांबायचं. सातपुड्यातल्या गावांत ‘लाह’ची रीत आहे. एका घराचं काम अडलं की बाकीची घरं मजुरी न घेता राबायला येतात, ते घर त्यांना जेवू घालतं आणि आपली पाळी आली की त्यांच्याकडे राबायला जातं. या दोन्ही रीतींमध्ये कृतज्ञता ही मनातल्या मनात वाटण्याची गोष्ट राहत नाही. ती ठरलेल्या वेळी, चारचौघांत, हातानं करायची असते. मानसशास्त्राला प्रयोगशाळेत जे सापडलं त्यापेक्षा हे जुनं शहाणपण एका बाबतीत पुढे आहे: त्यात देणारा आणि घेणारा कायमचे ठरलेले नसतात.

हा मुद्दा पुढच्या, जास्त अवघड आक्षेपाला उत्तर देतो. आजारी माणसाला कृतज्ञता शिकवणं म्हणजे त्याच्या डोक्यावर उपकारांचं ओझं ठेवणं नाही का? आधीच त्याला वाटत असतं की आपण घराला भार झालो. दिवाळीनंतर घरची माणसं ऊसतोडीला गुजरातच्या कारखान्यांवर निघतात, तेव्हा कोयता न पेलणाऱ्या मुलाला हे न सांगताही कळतं. त्यानं सोबत जावं तर उन्हातले श्रम आणि अपुरं पाणी त्याच्या जिवावर बेततं, आणि मागे राहावं तर म्हाताऱ्या आजीवर सगळं पडतं. अशा मुलाला ‘तुझ्यासाठी बघ किती करतात’ असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. ओशाळेपण आणि कृतज्ञता यांत फरक आहे, आणि तो संशोधकांनीही नोंदवला आहे. ओशाळलेला माणूस देणाऱ्यापासून तोंड चुकवतो, कृतज्ञ माणूस त्याच्या जवळ जातो. ओशाळेपण तेव्हा येतं जेव्हा आपल्याकडे परत देण्यासारखं काही नाही असं वाटतं. म्हणून आजारी माणसाच्या देण्याकडेही तितकंच लक्ष जायला हवं. तो धाकट्याचा अभ्यास घेतो, म्हातारीला सोबत करतो, दुसऱ्या रुग्णाला गोळी कशी घ्यायची ते सांगतो. घरानं त्याचे आभार मानले पाहिजेत. कृतज्ञता एकाच दिशेनं वाहू लागली की तिचं ओझंच होतं.

आजारी माणसानं जगाला काय दिलं, याचं एक मोठं उदाहरण त्याच्या रोजच्या गोळीतच आहे. हायड्रॉक्सियुरियाचा सिकलसेलवर उपयोग होतो हे सिद्ध करणारी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांनी तिच्यात भाग घेतला. त्यांच्यापैकी १५२ जणांना खरं औषध मिळालं आणि १४७ जणांना औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. औषध न मिळालेल्यांमध्ये वेदनेचे झटके वर्षाला साधारण साडेचार होते, तर औषध घेणाऱ्यांमध्ये अडीच, आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली गेली. त्या १४७ जणांनी आपल्या वेदनेचे महिने अनोळखी माणसांसाठी खर्च केले. आज धानोऱ्याच्या परिसरात एखाद्या मुलीला ही गोळी मिळते आणि तिची शाळा कमी बुडते, यात त्यांचा वाटा आहे. तिच्या अंगात चढलेल्या रक्ताच्या पिशवीमागेही असाच एक अनोळखी दाता असतो. कृतज्ञतेची नोंद घरापुरती ठेवली तर ही माणसं तिच्यात येत नाहीत.

आनुवंशिक आजारात आणखी एक गाठ असते, आणि ती आईबापांच्या मनात असते. दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांतही दोषी जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के. म्हणजे मुलाचं दुखणं आईबापांकडून आलेलं असतं, आणि पुष्कळदा त्याचा ठपका एकट्या आईवर येतो. मुलानं कुणाबद्दल कृतज्ञ व्हायचं, ज्यांनी दुखणं दिलं त्यांच्याबद्दल? याचं उत्तर रक्ताच्या इतिहासात आहे. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून दाखवलं की या जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यांत हिवतापानं मुलं दगावत असताना वाहक मुलं जास्त संख्येनं वाचली, म्हणून हे जनुक टिकलं. ज्या गुणानं पूर्वज वाचले, त्याच्याच दोन प्रती एकत्र आल्या की आजार होतो. यात कुणाचं पाप नाही, कुणाचा शाप नाही, आणि आईचा दोष तर मुळीच नाही. हे समजल्यावर घरातला राग निवळायला वाव मिळतो. राग पुरता निवळल्याशिवाय कृतज्ञतेची भाषा कुणी त्या घरात बोलू नये.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. गरीब, आदिवासी रुग्णांना कृतज्ञता सांगणं म्हणजे त्यांना गप्प बसवणं आहे, असं कुणी म्हटलं तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, मग संपलं म्हणून तक्रार कशी करायची, डॉक्टर साहेबांनी तपासलं हेच पुष्कळ, ही भावना खेड्यापाड्यांत खोल रुजलेली आहे. माझं उत्तर असं की इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. आभार माणसांचे मानायचे असतात, हक्क व्यवस्थेकडे मागायचा असतो. पावसात पाडा चढून येणाऱ्या आशाताईंचे आभार मानावेत. पण तपासणी, गोळ्या आणि रक्त हे कुणाचे उपकार नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि एसटीच्या प्रवास सवलतीतही सिकलसेलच्या रुग्णांचा विचार केलेला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ही सरकारनं दिलेली वचनं आहेत. ती पाळली जातात का हे विचारणं कृतघ्नपणा नव्हे. उलट ज्यानं कुणी काय दिलं याची नोंद ठेवली आहे, त्यालाच काय मिळालं नाही हे नेमकं सांगता येतं.

मग हे प्रत्यक्षात करायचं कसं? पहिला नियम वेळेचा. कळा सुरू असताना कृतज्ञतेचा विषयही काढू नये. त्या वेळी वेदनाशामक औषध, पाणी, ऊब आणि गरज पडल्यास दवाखाना, एवढंच. दुसरा नियम असा की रुग्णाला ते कुणी सक्तीनं करायला लावू नये. सुरुवात घरच्यांनी स्वतःपासून करावी. तिसरा नियम नेमकेपणाचा. ‘सगळं देवाच्या कृपेनं चाललंय’ हे वाक्य श्रद्धेचं असेल, पण नोंद म्हणून ते अपुरं आहे. ‘मंगळवारी काकानं मजुरी सोडून मला नंदुरबारला नेलं’ ही नोंद झाली. चौथी गोष्ट, ही नोंद रोज ठेवलीच पाहिजे असं नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. सवयीचा नुसता सोपस्कार झाला की तिचा जीव जातो. ज्याला लिहिता येतं त्यानं वेदनेच्या नोंदीशेजारीच ही नोंद ठेवावी: कधी दुखलं, किती पाणी प्यालो, गोळी घेतली का, आणि कुणी काय केलं. ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते, कारण झटक्याआधी काय घडलं होतं ते तीत सापडतं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं बाजाराच्या दिवशी, जेवताना, चार माणसांत बोलावं. शेवटी, ज्याच्याबद्दल वाटलं त्याला ते सांगावं. अमेरिकेत समुपदेशन घेत असलेल्या २९३ लोकांच्या एका अभ्यासात, दुसऱ्याला उद्देशून कृतज्ञतेची पत्रं लिहिणाऱ्यांची मनःस्थिती, केवळ समुपदेशन घेणाऱ्यांपेक्षा बारा आठवड्यांनंतरही चांगली आढळली.

हे सगळं करूनही काही दिवस असे येतील की कुणाबद्दलही काही चांगलं वाटणार नाही. त्या दिवसाची नोंद तशीच कोरी राहू द्यावी. कृतज्ञता न वाटणं हा दुर्गुण नाही आणि आजारी माणसाची परीक्षा घेण्याचा तर कुणालाच अधिकार नाही. कृतज्ञतेची जबाबदारी खरं तर निरोगी माणसांवर जास्त आहे, कारण त्यांच्या अंगात ती निभावण्याचं बळ आहे. आणि या आजारात ती निभावण्याचे मार्ग अगदी सोपे आहेत. सिकलसेलची पहिली तपासणी म्हणजे बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एका नळीतल्या द्रावणात सोडायचा आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसतात का ते पाहायचं. रेषा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन त्या झाकल्या गेल्या तर पुढची पक्की तपासणी करायची. काही मिनिटांचं काम आहे. तुम्ही नंदुरबारचे असा किंवा विदर्भातले, तुमच्या समाजात हा आजार असेल तर लग्न ठरवण्याआधी ही तपासणी करून घ्या, आणि शक्य असेल तर वर्षातून दोनदा रक्तदान करा. ज्या माणसांनी आपल्या वेदनेतून हे ज्ञान आपल्यापर्यंत पोचवलं, त्यांचे आभार मानण्याचा याहून चांगला मार्ग नाही.